काळ्या स्लाइडचा तास

कॉलेजच्या मागच्या जिन्याखाली दोन खोल्या समोरासमोर होत्या. एकीवर ‘चित्रपट अभ्यास’ अशी पाटी होती, दुसरीवर ‘धर्म अभ्यास’. पहिलीत शिकवायचे ते भावजी आणि दुसरीत शिकवायच्या त्या वहिनी. ही नावं कॉलेजनं दिलेली नव्हती, घरून आलेली होती. दोघं सख्खे दीर-भावजय, राहायला एकाच घरात. भावजींनी पहिल्याच दिवशी भर स्टाफरूममध्ये “वहिनी, डबा विसरलात,” म्हणून डबा पुढे केला, आणि तेव्हापासून प्राचार्यांपासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. त्यावर वहिनी “ठेवा तिथं, भावजी,” म्हणाल्या, त्यामुळे तेही सुटले नाहीत.

दोन्ही विषयांना वर्षाच्या सुरुवातीला गर्दी असे. चित्रपटाला पोरं येत ती फुकटात सिनेमे बघायला मिळतील म्हणून. मग त्यांना कळे की सर सिनेमा दोन मिनिटं दाखवतात आणि उरलेला तास त्या दोन मिनिटांवर बोलतात. धर्माला येणाऱ्यांचा हिशेब जास्त खोल होता. या विषयात ‘तुझं उत्तर चूक आहे’ असं म्हणायची कुठल्या परीक्षकाची छाती होणार? वहिनींची व्हायची. त्या लाल पेन घेऊन बसत आणि भल्याभल्यांच्या श्रद्धेला पैकीच्या पैकी न देता साडेतीन देत. परिणामी सहामाहीपर्यंत दोन्ही वर्ग अर्धे होत.

“दोन अर्धे म्हणजे एक अख्खा,” असं एक दिवस प्राचार्यांना सुचलं. ते मूळचे गणिताचे. त्यांनी दोन्ही विषय जोडून ‘पडदा आणि श्रद्धा’ नावाचा एक नवा अभ्यासक्रम काढला आणि विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठानं कळवलं की आमची समिती येईल, नमुन्याचा एक तास बघेल, मग ठरवेल.

यात भावजींचं काही जाणार नव्हतं, ते कायम होते. वहिनींची मात्र दरवर्षी नव्यानं नेमणूक होत असे. सुट्टी लागली की त्या बेकार होत, सुट्टी संपली की मुलाखत देऊन परत आपल्याच खुर्चीवर बसत. मुलाखतीत दरवर्षी त्यांना ‘अनुभव किती?’ असं विचारलं जाई, आणि विचारणारे तेच असत. या वेळी प्राचार्यांनी स्वच्छच सांगून टाकलं. समितीला तास आवडला तर एक कायम जागा मिळेल आणि ती वहिनींची. नाही आवडला तर धर्माचा विभाग बंद होईल आणि वहिनी घरी.

“घरी मी आहेच की,” वहिनींचे यजमान म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते, समोरच्याला बोलता येत नाही अशा अवस्थेत बोलायची त्यांना सवय होती. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते ताट घेऊन आतल्या खोलीत गेले.

मग जेवणाच्या टेबलावर दीर-भावजय कॉम्प्युटर उघडून बसले, आणि पहिल्या पाच मिनिटांतच घोडं अडलं.

अडचण अशी होती की भावजींच्या स्लाइडवर अक्षर नसे आणि वहिनींच्या स्लाइडवर चित्र नसे. भावजी नुसत्या सिनेमातल्या चौकटी दाखवत. त्यांचं म्हणणं, पडद्यावर शब्द आला की पोरं वाचतात, बघत नाहीत. वहिनी नुसते शब्द दाखवत. त्यांच्या वर्गात सगळ्या धर्मांची पोरं होती. काहींच्या धर्मात देवाचं चित्र घराघरात, काहींच्या धर्मात काढलं तर अनर्थ. एकाचं दाखवायचं आणि दुसऱ्याचं नाही, हा पंक्तिप्रपंच वहिनींना मान्य नव्हता. म्हणून त्यांनी सगळ्यांनाच एक नियम लावला होता. चित्राची जागा आली की कोरी पांढरी स्लाइड, आणि थोडा वेळ मौन. ज्याला जे डोळ्यांसमोर आणायचं असेल त्यानं ते आणावं, ज्याला आणायचं नसेल त्यानं खिडकीबाहेर बघावं.

भावजींच्याही कोऱ्या स्लाइड होत्या, पण काळ्या. दोन चौकटींच्या मध्ये ते एक काळी घालत आणि गप्प राहत. मग विचारत, “आता काय दिसतंय?” पाहिलेलं किती उरतं हे तपासायची त्यांची ती रीत.

“वहिनी, तुमची ती पांढरी नको हो. अंधाऱ्या खोलीत एकदम डोळ्यांत घुसते. मागच्या वेळी एक जण दचकून बाकावरून पडला होता.”

“तो झोपला होता, भावजी.”

“तेच म्हणतोय. झोपलेल्याचा तरी विचार करा. तुमच्याही काळ्याच करू.”

“मग तुमची कोणती आणि माझी कोणती, कसं कळणार?”

“त्यात काय कळायचंय? माझी आली की तुम्ही गप्प बसा, तुमची आली की मी गप्प बसतो.”

वहिनींना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण नेमकं काय, ते सापडेना. आणि दिवसभराच्या तासांनी डोकं आधीच भणभणलं होतं. त्यांनी मान हलवली.

समितीत दोघं जण होते. अध्यक्ष म्हणजे धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते कुठल्या विषयाचे हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण ते इतकी वर्षं समित्यांवर होते की विचारणाऱ्यांची पिढी निवृत्त झाली होती. दुसऱ्या सदस्यबाई. बारीक, चष्मेवाल्या, आणि कमी बोलणाऱ्या. अशा माणसांची प्राचार्यांना फार धास्ती वाटे.

तासाची खोली भावजींची. खिडक्यांना जाड घोंगडीसारखे पडदे होते, ते ओढले की दिवसाढवळ्या हाताला हात दिसत नसे. सगळ्यात मागे, एका रुसक्या चाकाच्या ट्रॉलीवर प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटरची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली, त्यामुळे दोघंही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जगत. भावजी पुढे उभे राहून हातातल्या रिमोटनं स्लाइड बदलत. अध्यक्षांना पुढे बसायची विनंती झाली, पण ते म्हणाले, “मी मागे बसतो, मुलांना दडपण नको,” आणि ट्रॉलीशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

दिवे मालवले. पहिली चौकट आली. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातला एक जिना, आणि वरच्या पायरीवर कंदील धरून उभा असलेला एक माणूस. भावजी त्या कंदिलाच्या उजेडावर बोलले. मग वहिनींची स्लाइड आली, शब्दांची. ‘कोणीतरी पाहिलं. त्यानं सांगितलं. ऐकणाऱ्यांनी लिहिलं. लिहिलेल्यावरून भांडण झालं.’ प्रत्येक वाक्याभोवती चौकोन होता आणि चौकोनांमधून बाण. वहिनींनी उजवीकडच्या कोपऱ्यातला एक छोटा चौकोनही दाखवला. त्यात लिहिलं होतं, ‘ज्याला खरं माहीत होतं, तो गप्प बसला.’ वर्गात हशा झाला. सदस्यबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. प्राचार्यांनी दारातून प्राचार्याला शोभेल इतकंच स्मित केलं.

परत जिना. परत कंदील. आणि पडदा काळा झाला.

वहिनींना वाटलं, ही भावजींची. त्या गप्प राहिल्या.

भावजींना वाटलं, ही वहिनींची. तेही गप्प राहिले.

खोलीत कोणीतरी खोकलं. बाकाखाली चपला सरकल्या. वहिनी वाट बघत होत्या. भावजींची काळी स्लाइड एवढी लांबत नाही. पण आज समिती आहे, चढला असेल जोर, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तिकडे भावजींच्या मनात येत होतं, की वहिनी आज एखाद्या मोठ्याच विभूतीपाशी थांबलेल्या दिसतात. अशा वेळी रिमोट दाबणं म्हणजे देवळात शिट्टी वाजवण्यासारखं. त्यांनी बोट आवरलं.

अंधार तसाच राहिला. शेवटी न राहवून भावजींनी हळूच रिमोट दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. तरी काही नाही. आता त्यांना घाम फुटला. आपण वहिनींच्या एकामागून एक काळ्या स्लाइड पुढे ढकलल्या असतील तर? मागे जावं तर किती मागे? ते तिथंच थिजले.

आणि अंधारात वहिनींना दिराची दया आली. बिचारे प्रश्न विसरले, असं त्यांना वाटलं. समितीसमोर त्यांची फजिती होऊ नये म्हणून त्यांनीच तो विचारून टाकला.

“आता काय दिसतंय?”

डावीकडून एका मुलीचा आवाज आला. “जिना.”

“जिना कुठला? दार आहे,” दुसरं कोणीतरी म्हणालं.

“दार नव्हतंच चित्रात.”

“नव्हतं तर मला कसं दिसतंय?”

“मॅडम, मला तो कंदीलवाला खाली उतरलेला दिसतोय.”

“ए, तो उतरला नाही. तो वरच होता.”

“तुला काय माहीत? तू मोबाइल बघत होतास.”

“मॅडम, सांगू का? मला माझे बाबा दिसतायत. ते दिवे गेले की असेच उभे राहायचे.” हा आवाज कोणाचा ते कळलं नाही. त्यानंतर मात्र कोणी कोणाला ‘चूक’ म्हटलं नाही. एकेक जण बोलू लागला. कोणाला पाण्याची टाकी दिसली, कोणाला हॉस्पिटलचा पॅसेज, कोणाला काहीच दिसलं नाही, आणि त्यानं ते इतकं मन लावून सांगितलं की वर्ग कान देऊन ऐकत राहिला. वहिनी प्रत्येकाला म्हणत होत्या, “बरं. आणि मग?” याशिवाय त्यांना काही सुचत नव्हतं. भावजींनी हा भाग आदल्या दिवशी सांगितला नव्हता.

मग मागून एक घोगरा आवाज आला. “मला आई दिसली.”

तो अध्यक्षांचा होता.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दिवा लावायला कोणी उठेना. शेवटी प्राचार्यांनीच बटण दाबलं. मुलं डोळे चोळत बाहेर पडली, आणि चक्क हळू आवाजात बोलत.

प्राचार्यांच्या खोलीत चहा आला. अध्यक्ष रुमालानं मिशा टिपत होते. मिशांना चहा लागलेला नव्हता.

“मी इतके तास पाहिले,” ते म्हणाले, “पण असं कोणी मला अंधारात बसवलं नव्हतं. काय धाडस! समितीसमोर पडदा बंद करायचा! ही कल्पना कोणाची?”

“भावजींची,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनींची,” भावजी म्हणाले.

“पाहा, पाहा,” अध्यक्ष प्राचार्यांना म्हणाले, “श्रेय घ्यायलासुद्धा तयार नाहीत.”

प्राचार्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. गणितात असं होत नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या वहीत सापडतं, पण दोघांच्याही वहीत नाही असं नसतं.

“वहिनींचं पक्कं समजा,” अध्यक्ष म्हणाले. “मी अहवालात तो अंधार खास लिहिणार. अरेच्चा, माझा फोन? तिकडेच राहिला वाटतं. चार्जिंगला लावला होता.”

“मी आणतो,” म्हणून भावजी धावले.

खोलीत जाऊन त्यांनी पाहिलं. एक्स्टेन्शन बोर्डच्या पिनेच्या जागी, भिंतीतल्या एकुलत्या एका भोकात, अध्यक्षांचा चार्जर बसलेला होता. बोर्डची पीन खाली जमिनीवर पडली होती. कॉम्प्युटर बंद, प्रोजेक्टर बंद. फोन तेवढा टवटवीत झालेला.

भावजींनी व्हरांड्यात वहिनींना गाठलं आणि खांबाआड नेलं.

“वहिनी, ती काळी माझी नव्हती.”

“माझीही नव्हती. माझी त्याच्यानंतर होती. मी म्हटलं, तुम्ही मध्ये एक जास्तीची घातलीत.”

“कोणाचीच नव्हती. म्हाताऱ्यानं पीन काढली, फोन लावायला.”

वहिनी खांबाला टेकल्या. “म्हणजे तो सगळा वेळ...”

“लाइट गेली होती. आपली आपणच घालवलेलीसुद्धा नाही.”

“आणि ती आई?”

“ती त्यांची खरीच असेल. त्यात आपण पडायचं नाही. वहिनी, हे बघा, हा फोन मी नेऊन देतो, तुम्ही चहा संपवा आणि गप्प राहा. कायम होताय तुम्ही! दादाला फोन करू का?”

“भावजी, त्यांना सांगायला नको?”

“काय सांगायला? ‘साहेब, तुम्हाला आई दिसली ती तुमच्या चार्जरमुळे’? हे सांगून कोणाचं भलं होणार आहे?”

वहिनी म्हणाल्या, “कोपऱ्यात एक चौकोन काढते मी दरवर्षी. पोरं हसतात त्याला. आजही हसली. मला त्यात जाऊन बसवत नाही हो.”

“तो पीपीटीतला चौकोन आहे! हा संसार आहे!”

“संसाराला तुम्ही आहात, तुमचा दादा आहे. द्या तो फोन इकडे.”

वहिनी आत गेल्या आणि त्यांनी अध्यक्षांच्या हातात फोन ठेवला. मग उभ्या उभ्याच, परीक्षेत तोंडी देतात तसं, सगळं सांगितलं. काळी स्लाइड कोणाची नव्हती. आम्ही दोघं एकमेकांची समजून गप्प बसलो. प्रश्न मी विचारला, कारण मला वाटलं, भावजी विसरले. पीन जमिनीवर आहे, आपण बघू शकता.

प्राचार्यांनी हातातली बशी टेबलावर ठेवून दिली. भावजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना आता काहीच दिसायला नको होतं.

अध्यक्ष फोनकडे पाहत राहिले. मग वहिनींकडे. त्यांचा चेहरा आधी पडला, मग गोंधळला, आणि मग हळूहळू त्यावर एक वेगळंच तेज चढू लागलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “तो अंधार मी केला?”

“हो.”

“म्हणजे कल्पना माझीच की!”

“साहेब, कल्पना अशी कोणाचीच...”

“नकळत असेल. पण हात माझा होता. हे बघा, एवढ्या खुर्च्या सोडून मी तिथंच का बसलो? ते भोक मलाच का दिसलं? तुमच्या विषयात याला काहीतरी म्हणत असतील.”

वहिनींच्या विषयात याला बरंच काही म्हणत, पण त्या थांबल्या. आपण खरं सांगितलं की एका नव्या चौकोनाची भर घातली, हे त्यांना समजेना. कोपऱ्यातून बाहेर यावं म्हणून उठलो आणि ‘कोणीतरी पाहिलं’ या पहिल्याच चौकोनात अध्यक्षांना बसवून आलो, असं काहीसं झालं होतं.

“मग अंधार अध्यक्षांचा,” प्राचार्य हिशेब जुळवत म्हणाले, “तर यांचं काय राहिलं?”

प्रश्न वाजवी होता. वहिनींना तिथल्या तिथं कळून चुकलं की आपली जागा गेली.

तेव्हा सदस्यबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“अंधारात पहिल्या मुलीनं ‘जिना’ म्हटलं. त्यावर तुम्ही ‘बरोबर’ का म्हणाला नाहीत?”

“मला बरोबर उत्तर माहीत नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. “तो भावजींचा विषय.”

“आणि ‘दार’ म्हणाला त्याला ‘चूक’ का म्हणाला नाहीत?”

“तेच. मला वाटलं, सिनेमावाल्यांत चालत असेल.”

“बाप दिसला म्हणणाऱ्याला?”

“त्याला काय म्हणणार?”

सदस्यबाईंनी चष्मा काढून पुसला. “मला वाटलं, तुम्ही ठरवून करताय. तर तुम्हाला मुळात काहीच माहीत नव्हतं.”

“नव्हतं,” वहिनी म्हणाल्या. आता त्यांना लपवायला काही उरलं नव्हतं.

“माहीत नसताना तुम्ही इतका वेळ वर्ग सांभाळलात, आणि कोणाचं उत्तर मोडलं नाहीत. माहीत असणाऱ्यांना मी हे करताना पाहिलेलं नाही,” असं म्हणून त्यांनी पेन काढलं आणि अध्यक्षांच्या पुढ्यातला कागद ओढून घेतला. “सही करा.”

“अंधाराचा उल्लेख?” अध्यक्षांनी विचारलं.

“तुमच्या नावानं करू. करा सही.”

त्यांनी केली.

दोघं घरी पोहोचले. दारात डॉक्टर उभेच होते.

“काय झालं?”

“कायम झाले,” वहिनी म्हणाल्या.

“अरे वा! तास चांगला झाला म्हणजे!”

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी भावजींकडे पाहिलं.

“तास झाला,” भावजी म्हणाले, “पण लाइट गेली होती.”

“मग तुम्हाला कायम कशावरून केलं?”

वहिनी चपला काढता काढता एक पाय उचलून तशाच थांबल्या. खरं बोलल्याबद्दल म्हणावं, तर खरं बोलल्यावर जागा जवळजवळ गेली होती. शिकवलं म्हणावं, तर त्या काही शिकवत नव्हत्या.

“अहो, थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “मला आत तर येऊ द्या. सोमवारपासून रोजचा तास आहे, आणि मला विषय काय आहे ते अजून कळलेलं नाही.”